आधी वही, मग स्क्रूड्रायव्हर

आमच्या घरचा संगणक संध्याकाळी मरायचा. रोज नाही, पण आठवड्यातून चार-पाच वेळा तरी. लेख अर्धा टाइप झालेला असायचा आणि पडदा फट्‌दिशी काळा व्हायचा. कुणी म्हणालं, रॅम गेली असेल. नवी रॅम आणली. कुणी म्हणालं, व्हायरस आहे. एका दुकानदाराने सगळं फॉरमॅट करून दिलं आणि त्यात दहा वर्षं जमवलेले मराठी फॉन्ट गेले. मग वीज पुरवणारा एसएमपीएस बदलला. दोन महिने आणि काही हजार रुपये गेल्यावर, संगणकाला कधी हातही न लावणाऱ्या बायकोने विचारलं, “अहो, हा नेमका पाण्याची मोटर लागल्यावरच का हो बंद पडतो?”

सोसायटीची मोटर सातच्या सुमारास लागते. ती सुरू होताना क्षणभर व्होल्टेज खाली येतं, दिवे मिचकतात. तेवढा झटका संगणकाने पचवला असता. पण मध्ये यूपीएस होता. व्होल्टेज पडलेलं पाहून तो आपल्या कर्तव्याला जागून बॅटरीवर जायचा, आणि बॅटरी कधीच निकामी झालेली होती. ज्याला राखणीला ठेवलं तोच गळा दाबत होता! खात्री करायला तीन संध्याकाळी संगणक थेट भिंतीच्या प्लगला लावून पाहिला. एकदाही बंद पडला नाही. यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची नवी बॅटरी घातली आणि दुखणं संपलं.

तुमच्या यूपीएसची परीक्षा घ्यायची असेल तर सोपी रीत आहे. संगणक सुरू करताच डिलीट किंवा एफ-२ बटण दाबत राहा (कुठलं ते कंपनीनुसार बदलतं) आणि बायोसच्या पडद्यावर थांबा. तिथे कुठलीही फाइल उघडी नसते, त्यामुळे नुकसान होत नाही. आता भिंतीवरचं बटण बंद करा. संगणक काही मिनिटं टिकायला हवा. काही सेकंदांतच गेला, तर बॅटरीचे दिवस भरले. घरगुती यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं चालते. आपण मात्र ती लग्नातल्या भांड्यांसारखी जन्मभर पुरेल असं धरून चालतो. आणि लेझर प्रिंटर यूपीएसला लावू नका. कागदावर शाई भाजणारा त्याचा भाग तापताना एकदम इतकी वीज ओढतो की छोटा यूपीएस गुडघे टेकतो.

दोन महिन्यांत माझी चूक एकच झाली. ‘काय बिघडलं?’ असं मी दहा जणांना विचारलं, ‘केव्हा बिघडतं?’ असं स्वतःला एकदाही विचारलं नाही. चार दिवस वेळ टिपून ठेवली असती, तरी सात-पाच, सात-दहा, सात-पाच असे आकडे एकाखाली एक आले असते आणि उत्तर तिथेच दिसलं असतं.

म्हणून पहिलं हत्यार म्हणजे वही. ती कागदाची हवी, कारण ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी संगणकच बंद असेल. बिघाड झाला की तारीख, वेळ, आपण काय करत होतो, पडद्यावर काय आलं आणि गेल्या दोन-चार दिवसांत काय नवं घडलं, एवढं लिहायचं. नवा प्रिंटर, नवं अपडेट, नवं एक्स्टेन्शन बोर्ड, मुलाने टाकलेला नवा खेळ, टेबल झाडताना हललेली वायर, यांतलं काहीही चालेल. पडद्यावरचा संदेश उतरवून घेण्याऐवजी मोबाइलने फोटो काढावा. चिपळूणच्या माझ्या आत्याचा फोन यायचा, “अरे, काहीतरी इंग्रजीत आलं होतं, मी ओके केलं.” प्रत्येक कुटुंबातल्या हौशी संगणकवैद्याने हे वाक्य ऐकलेलं असतं. आता आमचा करार झालाय: “आत्या, ओके करू नकोस. आधी फोटो पाठव.” निळा पडदा आला तर तळाशी ‘स्टॉप कोड’ असतो. ते दोन-तीन शब्द दुरुस्ती करणाऱ्याला अर्ध्या तासाची मेहनत वाचवतात.

विंडोजही स्वतःची अशी एक वही ठेवतं, पण फार थोड्यांना ते ठाऊक असतं. स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ हा शब्द टाइप करा, ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ असा पर्याय येईल. त्यात दिवसांचे उभे रकाने दिसतात. ज्या दिवशी काही कोसळलं तिथे लाल फुली असते. फुल्या कुठल्या तारखेपासून सुरू झाल्या आणि त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी काय बसवलं गेलं, हे पाहिलं की बरेचदा गुन्हेगार तिथेच उभा दिसतो.

दुसरी शिस्त अशी की एका वेळी एकच बदल करायचा. वैतागलेला माणूस ड्रायव्हर बदलतो, अँटिव्हायरस काढतो, राउटर रीसेट करतो आणि तीनही एका दमात करतो. मग संगणक सुरू झाला तरी कशाने झाला ते कळत नाही, आणि नाही झाला तर नवा बिघाड कुठला नि जुना कुठला, हेही कळत नाही. आधी असा उपाय करावा, जो मागे घेता येतो. वायर काढून पुन्हा बसवणं मागे घेता येतं, फॉरमॅट मागे घेता येत नाही.

‘बंद करून चालू केलंत का?’ या प्रश्नाची आपण चेष्टा करतो. पण त्यात एक मेख आहे. २०१२मध्ये आलेल्या विंडोज ८पासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद राहिलेलं नाही. पुढच्या वेळी पटकन सुरू व्हावं म्हणून विंडोज आपला गाभा जसाच्या तसा डिस्कवर साठवून झोपी जातं. या सोयीला ‘फास्ट स्टार्टअप’ म्हणतात. त्यामुळे गाभ्यात अडकलेला गोंधळ सकाळी तसाच्या तसा उठून बसतो. खरी नवी सुरुवात हवी असेल तर ‘रीस्टार्ट’ करा. आत्या आठवडाभर रोज रात्री इमानेइतबारे ‘शट डाउन’ करत होती आणि तिचा कॅमेरा चालत नव्हता. एका ‘रीस्टार्ट’ने चालला.

कुठपर्यंत ठीक आहे?

वहीनंतरची पायरी म्हणजे सीमा शोधणं. नळाला पाणी आलं नाही तर आपण थेट धरणावर जात नाही. आधी शेजाऱ्याकडे आलंय का पाहतो, मग गच्चीवरची टाकी, मग वॉल्व्ह. इंटरनेटचं अगदी तसंच आहे.

संगणकावर नेट नाही? मग त्याच वायफायवर मोबाइल चालतो का पाहा. मोबाइलचा डेटा आधी बंद करायला विसरू नका, नाहीतर तो आपलंच पाणी दाखवून फसवेल. मोबाइल चालत असेल तर बिघाड संगणकात आहे. मोबाइलही चालत नसेल तर राउटरकडे चला. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल झाला असेल, तर प्रकाशाचा धागाच तुमच्यापर्यंत पोचत नाही. संगणकात कितीही खाटखूट केली तरी उपयोग नाही. कपाट सरकवताना ती बारीक वायर चेपली का, उंदराने कुरतडली का, तेवढं बघा आणि तक्रार नोंदवा.

दिवे ठीक आहेत, तरी संगणकावर नेट नाही? कमांड प्रॉम्प्ट उघडून, अर्थातच इंग्रजीत, ‘पिंग’ आणि पुढे राउटरचा क्रमांक टाइप करा. बऱ्याच घरी तो १९२.१६८.१.१ असतो, तुमचा क्रमांक राउटरच्या बुडावरच्या चिठ्ठीवर सापडेल. उत्तर आलं तर वायफाय शाबूत आहे. मग इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करा. तिथूनही उत्तर आलं, पण ब्राउझरमध्ये एकही साइट उघडत नाही, तर तुम्ही जगाला जोडलेले आहात. बिघडली आहे ती नावावरून नंबर शोधून देणारी डिरेक्टरी, म्हणजे डीएनएस. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएससाठी हेच ८.८.८.८ लिहिलं की काम होतं. आणि संगणकाचा स्वतःचा क्रमांक १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही. संगणक बिचारा मनानेच एक पत्ता घेऊन बसला आहे. राउटर बंद करून मिनिटभराने सुरू करा.

याच मार्गातलं एक चमत्कारिक कोडं सांगतो. बिनवायरचा माउस अधूनमधून अडखळतो. सेल बदलले, माउस बदलला, तरी तेच. माझ्या वहीतल्या नोंदींवरून कळलं की हे फक्त बाहेरची हार्ड डिस्क लावल्यावर होतं. यूएसबी ३.० जोडणी काम करताना २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओ गोंगाट सोडते आणि माउसही त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२मध्ये यावर एक टिपणच काढलं होतं. माउसचा चिमुकला रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या यूएसबीत लावला किंवा छोट्या वायरने दूर नेला की माउस शहाणा होतो.

पडदा काळा

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडद्यावर काही नाही. आपल्याकडे ही तक्रार पावसाळ्यात जास्त, आणि कोकणात तर खाऱ्या दमट हवेमुळे विचारूच नका. आधी मॉनिटरची वायर दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवा. शक्य असेल तर मॉनिटर दुसऱ्या कशाला लावून पाहा, म्हणजे दोष कोणाचा ते ठरेल. मग रॅम. संगणकाची वायर भिंतीतून काढा, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेट उघडा आणि त्याच्या धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगातली स्थितिक वीज उतरू द्या. रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडून पट्टी सरळ वर काढा. तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतलं साधं पांढरं खोडरबर हलकेच फिरवा, चुरा झटका आणि पट्टी ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेकच लावून पाहा. हाच तो ‘एका वेळी एक’ नियम. निम्म्या वेळा तरी दुकानात जे केलं जातं ते एवढंच असतं.

आत डोकावलाच आहात तर मदरबोर्डवरचे उभे, गोल, डबीसारखे कपॅसिटर बघून घ्या. त्यांचे माथे सपाट हवेत. फुगलेले किंवा तपकिरी चिकट काही बाहेर आलेलं दिसलं तर घरगुती उपाय संपले. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठून राहू शकते. तिथे पाल किंवा झुरळ शिरून मेलं असेल, तरी ते काम जाणकाराचंच.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात? मग दुखणं संगणकाचं नसून घराच्या अर्थिंगचं आहे. कितीतरी घरांत तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून, नाहीतर दोन पिनांचं अडॅप्टर लावून काम भागवलेलं असतं. इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की नुसतं बटण बंद करून थांबू नका. प्लग ओढून काढा, राउटरचाही.

लॅपटॉप मेल्यासारखा पडला असेल तर चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून सुरू करा. आत अडकून राहिलेली वीज निघून जाते आणि सर्किट नव्याने जागं होतं. हे वाचायला अंगारेधुपाऱ्यासारखं वाटतं, पण चालतं.

एकाएकी सगळ्या साइट ‘तुमची जोडणी सुरक्षित नाही’ म्हणू लागल्या तर घाबरण्याआधी संगणकाचं घड्याळ पाहा. मदरबोर्डवर ३ व्होल्टचा, सीआर-२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की वीज जाताच तारीख कित्येक वर्षं मागे जाते. आणि बँकेच्या साइटचं प्रमाणपत्र ज्या दिवसापासून लागू आहे, तो दिवस तुमच्या संगणकाच्या लेखी अजून उजाडलेलाच नसतो! मग तो साइटवर विश्वास कसा ठेवणार? फार तर शंभरेक रुपयांचा सेल, पण यापायी मी लोकांना विंडोज नव्याने टाकताना पाहिलं आहे.

रडतखडत चालणारा संगणक

‘हँग होतो’ ही तक्रार फारच मोघम आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयू, मेमरी आणि डिस्क हे तीन रकाने बघा. डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटली असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर दुसरं काही करण्याआधी तिच्या जागी एसएसडी घ्या. फिरत्या डिस्कला एखादा तुकडा शोधायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, एसएसडीला त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा वेळ पुरतो. जुन्या संगणकावर खर्च करायचा असा मला पटलेला हा एकच खर्च आहे. मेमरी भरलेली असेल तर रॅम वाढवा. चार जीबी आता ब्राउझरच खाऊन टाकतो. सीपीयू सतत पळत असेल तर कुठला प्रोग्राम पळवतोय ते त्याच यादीत वर येतं. बरेचदा दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या मागावर असतात. एक काढा.

लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका, त्याचं नाक खालच्या बाजूला असतं. तापला की तो स्वतःच वेग कमी करतो आणि आपण म्हणतो, म्हातारा झाला.

विंडोज १०ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपली आणि आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. असा धडधाकट संगणक घरी असेल तर भंगारात टाकण्याआधी त्यावर लिनक्स मिंट टाकून पाहा. टपाल, बातम्या, मराठी टायपिंग आणि यूट्यूबला तेवढं भरपूर होतं.

अपडेटनंतर संगणक सुरूच होत नसेल तर दोष तुमचा नाही. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकवले होते. त्यावरचा उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढणं. सेफ मोडमध्ये विंडोज फक्त अंगावरच्या कपड्यांनिशी सुरू होतं. तिथे संगणक नीट चालला तर हार्डवेअर बहुधा ठीक आहे आणि बिघाड नंतर घातलेल्या कशात तरी आहे. साइन-इनच्या पडद्यावर शिफ्ट बटण दाबून ‘रीस्टार्ट’ केलं की तिकडे जायची वाट सापडते. शेवटचं अपडेट काढायची सोयही तिथेच असते.

मात्र या वाटेवर अनेक नवे लॅपटॉप एक ४८ अंकी किल्ली मागतात. डिस्क कुलूपबंद असते आणि आपल्याला ते कुणी सांगितलेलंच नसतं. किल्ली बहुतेक तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आज सगळं ठीक आहे तेव्हाच ती शोधून कागदावर उतरवा. तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका.

खास आपली दुखणी

इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांत जे कधीच सापडत नाही ते हे. आजोबांनी २००३मध्ये टाइप केलेल्या आठवणींची फाइल उघडली तर त्यात इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भुगा. फाइल बिघडलेली नाही! युनिकोड रुळण्याआधी श्री-लिपी, कृतिदेव असे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी आकार बसवत. संगणकाच्या लेखी ती इंग्रजीच असे, फक्त मराठी कपडे घातलेली. कपडे हरवले की उघडी पडते. वर्डमध्ये तो मजकूर निवडून फॉन्टच्या चौकटीत बघा. फॉन्ट संगणकात नसला तरी त्याचं नाव तिथे बहुधा टिकून असतं. ते नाव वहीत लिहा, फाइलची एक प्रत बाजूला काढा आणि मूळ फाइलवर ‘सेव्ह’ करू नका. नाव कळलं की तो फॉन्ट मिळवता येतो किंवा रूपांतरकाने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांची जोडाक्षरं डोळ्यांखालून घालाच. ‘सुऱ्या’चा ‘सूर्य’ झालेला मी पाहिला आहे.

‘ॲ’च्या जागी चौकोन दिसतो? हे अक्षर युनिकोडमध्ये २००८च्या ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या फॉन्टला ते माहीतच नाही. फॉन्ट बदला. हेच अक्षर पूर्वी ‘अ’वर चंद्र बसवून वेगळ्या तऱ्हेनेही लिहिलं जाई. दिसायला सारखं, पण संगणकाला दोन्ही निराळी. म्हणून आपणच लिहिलेली ‘ॲसिड’ शब्दाची फाइल शोधूनही सापडत नाही. असं झालं तर शब्दाचा उरलेला भाग टाइप करून शोधा.

आणि ‘पासवर्ड चुकतोय’. शंभरदा बरोबर टाइप करूनही चुकतोय! विंडोज १०मध्ये २०१९पासून मराठीचा उच्चारानुसार चालणारा कीबोर्ड आहे, फार चांगला आहे. पण विंडोजचं बटण आणि स्पेसबार चुकून एकत्र दाबले गेले की कीबोर्डची भाषा बदलते. साइन-इनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात भाषा लिहिलेली असते, ती इंग्रजी आहे ना बघा. कॅप्स लॉक बघा. पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर दाबून आपण काय टाइप करतोय ते वाचा. खातं बंद पडण्याआधी एवढं केलं तरी पुरतं.

प्रिंटरबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण या यंत्राबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही. ‘ऑफलाइन’ दाखवत असेल तर तो संगणकाच्याच वायफायवर आहे का पाहा. बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर बोलतात. एखादं पान रांगेत अडकून पुढची सगळी खोळंबली असतील तर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ला ‘रीस्टार्ट’ द्या. इंकजेट असेल तर आठवड्यातून एक रंगीत पान छापा, नाहीतर शाई वाळते. पावसाळ्यात कागदांचा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. दमट कागद एकमेकांना चिकटून आत जातात आणि दोष प्रिंटरवर येतो.

आवाज ऐका

हार्ड डिस्कमधून ठरावीक लयीत ‘टिक्-टिक्’ येऊ लागली तर हातातलं सगळं टाका. रीस्टार्ट नको, डिस्क तपासणारा प्रोग्राम नको, फ्रीजमध्ये ठेवायचा गावठी उपाय तर मुळीच नको. मरणपंथाला लागलेल्या डिस्ककडे थोडीच वाचनं उरलेली असतात, ती तपासणीत घालवू नयेत. सर्वांत मोलाचं आधी उतरवून घ्या: फोटो, कागदपत्रं, हिशेब. सिनेमे गेले तर पुन्हा मिळतात. डिस्क दिसतच नसेल तर थांबा आणि डेटा परत मिळवणाऱ्याकडे न्या. ते काम महाग आहे. त्यापेक्षा एरवीच तीन प्रती ठेवाव्यात: एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा भावाच्या कपाटात. बाहेरची डिस्क कायम जोडून ठेवू नका, कारण वीज कोसळली किंवा खंडणीखोर व्हायरस आला तर दोन्ही एकदमच जातील.

आवाजाचा आणखी एक प्रकार आहे. एकाएकी पडदा लाल, भोंगा सुरू, ‘तुमचा संगणक लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा’. तो बिघाड नसतो, भामटा असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो. एस्केप दाबून धरा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, बिलावरचा किंवा कंपनीच्या साइटवरचा घ्या. आपण स्वतः फोन केलेला नसेल, तर कुणालाही दुरून संगणक चालवायची परवानगी देऊ नका. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. पहिल्या तासाला फार किंमत असते.

दुकानात न्यायची वेळ येतेच. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला, एरवी आपापल्या गावात, पण फक्त ‘खराब झालाय’ असं म्हणून ठेवून येऊ नका. वहीतल्या नोंदी दाखवा आणि काय काय करून झालंय ते सांगा. रॅम किती, डिस्क किती आणि तिचा क्रमांक काय, हे पावतीवर लिहून घ्या. ‘मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही’ हेही त्याच पावतीवर. ब्राउझरमधून बँक आणि मेलची खाती आधीच बंद करा. बदललेला भाग परत मागा. जुनी डिस्क तर मागाच, कारण ती बंद पडली म्हणजे तिच्यावरचे तुमचे आयकर विवरण आणि आधारचे फोटो पुसले गेले असं नाही. आणि दुकानदाराने मागितलं तरी वहीचं पान फाडून देऊ नका. मोबाइलने फोटो काढून त्याला पाठवा.